कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी

माझ्या भाचीने घरीच डेस्कटॉप जोडायचे ठरवले आणि सगळे सुटे भाग घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला सर्वांत आधी कॅबिनेट बाजूला ठेवायला सांगितले. नवखा माणूस सहसा कॅबिनेटपासून सुरुवात करतो, मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी) आत घट्ट आवळतो, वायरी नीटनेटक्या बांधतो आणि मग बटण दाबतो. संगणक चालू झाला नाही, की तीच सगळी बांधणी पुन्हा सोडत बसतो. माझ्या पहिल्या जोडणीच्या वेळी पंखे फिरत होते, पण मॉनिटर काळाच होता, आणि बोर्डच खराब निघाला असे समजून मी तो दुकानात परत न्यायला निघालो होतो. प्रत्यक्षात २४ पिनांची मोठी वायर लावल्याच्या समाधानात प्रोसेसरला वीज देणारी ८ पिनांची वेगळी वायर लावायची मी विसरलो होतो.

म्हणून मदरबोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतो, त्याच खोक्यावर तो ठेवावा आणि त्यावर फक्त प्रोसेसर, त्याला थंड ठेवणारा कूलर आणि रॅमची एकच पट्टी बसवून एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) २४ आणि ८ पिनांच्या त्या दोन वायरी जोडाव्यात. प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स (मॉनिटरवर चित्र दाखवणारा भाग) असेल तर मॉनिटर थेट बोर्डाला लावता येतो. पण इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते त्यांत ते नसते, त्यामुळे अशा वेळी चाचणीसाठीही ग्राफिक्स कार्ड लावावेच लागते. कॅबिनेटचे बटण अजून जोडलेले नसल्याने बोर्डावरील पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले, की यंत्र चालू होते. अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट (संगणक सुरू होण्याची क्रिया) यांसाठी चार बारीक दिवे असतात, आणि त्यांतला जो पेटून राहील तिथेच आधी पाहावे.

हाताळताना स्थिर विजेची भीती अनेकांना वाटते. त्यासाठी खास पट्टा घेतलाच पाहिजे असे मला वाटत नाही. एसएमपीएसची पिन सॉकेटमध्ये खोचून भिंतीवरचे बटण बंद ठेवले, तर वीज तुटते पण अर्थिंग जोडलेले राहते, आणि मधूनमधून एसएमपीएसच्या उघड्या धातूला हात लावला तरी पुरते. मात्र जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट असूनही आत अर्थिंगची तारच नसते, हे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिले आहे. तेवढे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे.

प्रोसेसर बसवायच्या बोर्डावरील जागेलाही सॉकेटच म्हणतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये १७१८ आणि इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये १७०० बारीक पिना असतात, त्या प्रोसेसरला नव्हे तर बोर्डाला असतात आणि एकदा वाकल्या की सरळ करणे फार अवघड जाते. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून प्रोसेसर वरून अलगद सोडावा, तो दाबू नये. नंतर सॉकेटची दांडी खाली घेताना मात्र चांगलाच जोर लागतो आणि तो लागणे स्वाभाविक आहे. सॉकेटवरचे काळे झाकण आधी हाताने काढू नये, कारण दांडी दाबताना ते आपोआप उडून निघते.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर चार खाचांच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात, तरी पुस्तिका पाहून खात्री करावी. डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम असलेला नवा बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटे घालवतो, आणि तेवढा वेळ मॉनिटरवर काहीच दिसत नाही. भाची याच टप्प्यावर घाबरून वीज बंद करायला निघाली होती. तिचा हात मी धरला.

चाचणी पार पडली की पुढचे काम स्क्रू ड्रायव्हरचे आहे, त्यात फारसे सांगण्यासारखे नाही. कूलर बसवण्याआधी प्रोसेसरवर लावायची, उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, आणि कूलरच्या तळाचे प्लॅस्टिक सोलायला विसरू नये. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसतो: मॉड्युलर, म्हणजे वायरी काढता-घालता येणाऱ्या, एसएमपीएसला दुसऱ्या एसएमपीएसची वायर कधीही लावू नये, कारण वायर खाचेत बरोबर बसली तरी आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि हार्ड डिस्क क्षणात जळू शकते.

संध्याकाळी बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर) तिची ६००० वेगाची रॅम ४८०० वर चाललेली दिसली, तेव्हा फसवणूक झाली असे तिला वाटले; रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी एक्स्पो नावाची सोय चालू करताच वेग ६००० झाला. सॉकेटवरचे ते काळे झाकण ती कचऱ्यात टाकणार होती. बोर्ड वॉरंटीत परत घेताना बऱ्याच कंपन्या ते लावलेले मागतात, म्हणून आता ते अनुक्रमांक लिहिलेल्या बिलासोबत मदरबोर्डच्या खोक्यात ठेवलेले आहे.