फिनिश, महिना चौदावा: कोकणात आणि देशावर

मागच्या नोंदीत स्थळ दाखवणाऱ्या विभक्तींपाशी थांबले होते. घर 'तालो', घरात 'तालोस्सा', घरातून 'तालोस्ता'. हे आता बोलताना न अडखळता येतं. एकूण विभक्ती पंधरा, पण शाळेत प्रथमा ते संबोधन घोकलेल्यांनी त्यांना घाबरू नये. प्रत्ययाआधी शब्द बदलतो, तेही आपल्या ओळखीचं. आपण पाणी-पाण्यात म्हणतो, इथे रस्ता 'कातु' आणि रस्त्यावर 'कादुल्ला'. आपल्याकडे बहुधा स्वर बदलतो, इथे व्यंजन.

घोडं अडलं होतं गावांच्या नावांपाशी. मी राहते एस्पोत, 'एस्पोऽस्सा'. हेल्सिंकीत म्हणजे 'हेल्सिंगिस्सॅ'. पण वान्ता आणि ताम्पेरे आले की 'वान्ताऽल्ला', 'ताम्पेरेऽल्ला', म्हणजे चक्क वान्तावर, ताम्पेरेवर! कारण शोधून दमले. मग एका रविवारी आईशी फोनवर बोलताना सहज विचारलं, "मामा कोकणात गेला, की अजून देशावरच आहे?" आणि बोलता बोलता थांबलेच. कोकणात, पण देशावर, घाटावर. आपण कुठे नियम विचारतो? तेव्हापासून प्रत्येक गाव प्रत्ययासकटच वहीत लिहिते.

या महिन्याचा खरा डोंगर मात्र पार्टिटिव्ह नावाच्या विभक्तीचा. ग्रंथालयात दर आठवड्याला फिनिश गप्पांचा कट्टा भरतो. तिथे मी म्हटलं, "लुइन किर्यान", पुस्तक वाचलं. समोरच्या सत्तरीच्या बाईंनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, चाळिसाव्या पानावरच्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "किर्याऽ." हा पार्टिटिव्ह. मग शेवटचं पान उलटून पुस्तक मिटलं. "किर्यान." वाचत होते आणि वाचून काढलं, हा फरक आपण क्रियापदावर दाखवतो, फिनिशमध्ये तो पुस्तकाच्या शेपटीला लागतो. व्याकरणाच्या तीन धड्यांनी जे जमलं नव्हतं, ते त्या मिटलेल्या पुस्तकानं झालं. त्यांनाही 'सिनॅ', म्हणजे तूच म्हणायचं असतं. आजीला अगंतुगं करणाऱ्या आपल्याला ते जड जात नाही.

युले या फिनलंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या सोप्या फिनिशमधल्या बातम्या, 'सेल्कोउउतिसेत', आता जवळजवळ पूर्ण कळतात. बसथांब्यावर मात्र वेगळीच भाषा कानावर येते. पुस्तकातलं 'मिनॅ ओलेन' तिथे 'मॅ ओऽन' होतं, आणि 'एन मिनॅ तिएदॅ' (मला माहीत नाही) आक्रसून 'एम्मॅ तीॲ'. पुढचे दोन महिने या बोलीला द्यायचे ठरवलंय. रोज अर्धा तास ऐकणं, आणि ऐकलेलं एक वाक्य तसंच मोठ्यानं म्हणणं.

त्यानंतर 'युकी' (YKI), म्हणजे इथल्या राष्ट्रीय भाषा परीक्षेचा मधला स्तर. कुणी दिली असेल तर सांगा, तोंडी भागात बोली चालते का, की पुस्तकी फिनिशच बोलायचं?