कालनिर्णयावरचे लाल ठिपके

"अरे, परत पडली," काकू फोनवर एवढंच म्हणाल्या. मे महिना, मंगळवार, सकाळचे साडेदहा. मी कर्वे रस्त्यावरच्या एका दवाखान्यातला टँक धूत होतो, दोन्ही हात कोपरापर्यंत शेवाळाने माखलेले, फोन खांद्यात धरलेला. काय पडलं हे विचारायची गरज नव्हती. अंडी.

पुण्यात घरोघरी, ऑफिसात, दवाखान्यात जाऊन फिश टँकची सर्व्हिस करायची, हा माझा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक गोल्डफिशवालं, नाहीतर वास्तूसाठी अरोवाना ठेवणारं. श्रिंप पाळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांत कोथरूडच्या या काकू सगळ्यांत चिवट. पोस्टातून रिटायर झालेल्या, माहेर अलिबागकडचं. नातवाने हट्टाने घेतलेला दोन फुटी टँक. नातू गेला हॉस्टेलला, चेरी श्रिंप राहिल्या काकूंकडे. काकू त्यांना कोळंब्याच म्हणतात. सुरुवातीला मी सुधारायचो, नंतर सोडून दिलं. चुकीचं तरी काय आहे त्यात?

फक्त काकूंच्या डोक्यातली कोळंबी समुद्राची. पावसाळ्यात सगळं गाभोळीवर, म्हणजे अंड्यांवर येतं, म्हणून तर नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला, हे त्यांचं लहानपणापासूनचं गणित. चेरी श्रिंप मूळची तैवान-चीनकडच्या ओढ्यांतली, जन्मभर गोड्या पाण्यात राहणारी. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली धरते, तिथल्या छोट्या पायांनी त्यांना सतत वारा घालते, आणि तीन-चार आठवड्यांनी दोनेक मिलिमीटरची पिल्लं थेट आईबापाच्याच रूपात बाहेर पडतात. पाणी उबदार असेल तर दिवस कमी लागतात, गार असेल तर जास्त. घरात बाराही महिने वीण चालू राहू शकते, पण पुण्याचा हिवाळा-उन्हाळा टँकमध्ये उतरतोच.

म्हणूनच मी आधीच्या दोन फेऱ्यांमध्ये छातीठोकपणे सांगून बसलो होतो, "काकू, उन्हामुळे होतंय. सीझन नाही हा." एकतिसावर गेलेलं पाणी, त्यात प्राणवायू कमी विरघळतो (वीस अंशाला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, तिसाला साडेसात), मग मादी अंडी टाकणारच. टँकवर लावायचा छोटा पंखाही मीच दिला. पंख्याने पाणी अठ्ठावीसवर आलं. अंडी पडायची थांबली नाहीत. उलट जास्तच पडायला लागली.

दवाखान्यातलं काम उरकून गेलो. सवयीप्रमाणे पहिला प्रश्न, सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं का? श्रिंप म्हणजे किड्यांचेच भाऊबंद, झुरळाला मारणारं औषध त्यांनाही मारतं. पण तसं असतं तर मोठ्याही मेल्या असत्या. इथे मोठ्या ठणठणीत, जावा मॉसवर (टँकमधल्या हिरव्या पाणवनस्पतीवर) चरताहेत. दोघींच्या मानेमागे पिवळं खोगीर, म्हणजे अंडाशय भरलेले, पुढच्या कातीनंतर अंडी खाली उतरणार. पाण्यात खोट असती तर खोगीर तरी कुठून आलं असतं?

मी टँकसमोर बसून डोकं खाजवत होतो. काकू चहा टाकायला गेल्या, आणि माझी नजर फ्रिजशेजारच्या कालनिर्णयावर गेली. प्रत्येक चौकोनात काही ना काही. दूध दीड लिटर, गॅस आला, भिशी. आणि लाल पेनाचे ठिपके.

"हे काय काकू?"

"गाभोळी धरलेल्या. जितक्या दिसल्या तितके ठिपके. पडली की फुली."

पोस्टातल्या बाईची नोंद. मी कॅलेंडर खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं. जानेवारी जवळजवळ कोरा. रात्री पारा दहा-बाराला, टँकला हीटर नाही, तेव्हा ठिपके नसणारच. संक्रांतीनंतर एक-दोन, फेब्रुवारीअखेर गर्दी, मार्चभर ठिपके आणि "पिल्लं दिसली" अशी टीप. एप्रिलच्या मध्यापासून ठिपके आहेतच, पण प्रत्येकाच्या मागोमाग फुली.

तिथे माझी ट्यूब पेटली. सीझन नसतो तेव्हा अंडी येतच नाहीत, जानेवारीत आली नव्हती तशी. मे महिन्यात येत होती, आणि येऊन पडत होती. दोन्ही एकच मानून मी दोन फेऱ्या उन्हाच्या नावाने बोटं मोडत होतो.

मग फुल्यांच्या आसपास काय लिहिलंय ते बघायला लागलो. फुलीच्या आदल्या नाहीतर त्याच्या आदल्या दिवशी, निळ्या पेनाने, बारीक अक्षरात: "टँकर". एकदा नाही, पाच वेळा. सोसायटीच्या हिशेबासाठी काकू टँकर लिहून ठेवत होत्या.

"काकू, टँकचं पाणी कधी बदलता?"

"टँकर आला की. एरवी उन्हाळ्यात कोण देतंय दोन बादल्या ओतायला?"

दोन बादल्या म्हणजे तीस लिटर. सत्तर लिटरच्या टँकमध्ये जवळजवळ निम्मं पाणी, तेही गच्चीवरच्या काळ्या टाकीत तापलेलं. मी पाण्यातले क्षार मोजायचा मीटर काढला. पिण्याच्या हंड्यातलं महापालिकेचं पाणी, खडकवासल्याचं: 115. नळाला येणारं टँकरचं, कुठल्यातरी बोअरवेलचं: 690. टँकचं: 780.

नळापेक्षा टँकचा आकडा जास्त कसा, याचं उत्तर टँकवर घरघरत होतं. माझा पंखा. पंखा पाणी गार करतो ते वाफ करूनच. वाफ होऊन जातं नुसतं पाणी, क्षार मागे राहतात, आणि आटलेलं भरायला काकू रोज दोन तांबे तेच टँकरचं ओतत होत्या. उपाय म्हणून दिलेल्या पंख्याने रोग वाढवला होता. पंख्याचे पैसे परत करतो म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "राहू दे, वारा मलाही लागतो."

शेवटचा पुरावा काकूंनीच आणून दिला. कुंकवाची रिकामी डबी, आत वाळलेली पांढरी कात, पारदर्शक. भिंगाखाली धरली. पोटाच्या पायांना अंडी तशीच चिकटलेली, दाणेदार. मादीने अंडी टाकलीच नव्हती. पाण्याचे क्षार आणि ऊब एका झटक्यात बदलली की श्रिंप वेळेआधी कात टाकते, आणि अंडी पायांच्या केसांना चिकटलेली असल्यामुळे कातीबरोबर निघून जातात. "म्हणजे लुगड्याबरोबर पोर गेलं म्हण," काकू म्हणाल्या. मला हसावं की नाही कळेना.

उपाय सांगत होतो. आटलेलं भरायला फक्त किचनमधल्या आरओचं पाणी. बदलायचं तर आठवड्याला एक छोटी कळशी, पालिकेचं, रात्रभर ठेवलेलं, थेंबाथेंबाने. टँकचा आकडा एकदम खाली आणायचा नाही, महिनाभर घ्यायचा. उतरताना दिलेला धक्काही धक्काच. एवढ्यात खाली हॉर्न वाजला. काकूंनी चहाचा कप ठेवला, गॅलरीत धावल्या आणि वॉचमनला ओरडल्या, "अहो, टाकीत सोडू नका अजून! मला आधी पालिकेचं भरून घेऊ द्या!"

मी पुढचा अर्धा तास बादल्या भरत होतो. किचनमध्ये, बाथरूममध्ये, पितळी घंगाळातसुद्धा. सर्व्हिसचे पैसे द्यायला काकू विसरल्या, मीही मागितले नाहीत.

खोगीरवाल्या दोघींपैकी एकीची अंडी आठवड्याभरात पुन्हा कातीबरोबर गेली. तोवर आकडा साडेसहाशेच्या खाली आला नव्हता. दुसरीची टिकली. जूनच्या शेवटी, दोन दिवस पाऊस लागून राहिलेला, काकूंचा फोटो आला. टँकचा नव्हता, कालनिर्णयाचा. चौकोनात लाल अक्षरांत "पिल्लं 14 (मॉसमध्ये अजून असतील)", आणि खाली निळ्या पेनाने, "टँकर बंद".

फोटोपाठोपाठ फोन. "बघ, मी म्हटलं नव्हतं? पाऊस पडला की गाभोळी टिकते."

मी बरं म्हटलं.