अर्धा खंड्या
आज सकाळी खिडकीशी तांब्या आणि भरताची दोन वांगी मांडून बसले. जलरंग, ३०० जीएसएमचा जाड कागद, आणि या पावसाळी हवेत पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, वाळता वाळेना! वांगं काळं नसतंच. अल्ट्रामरीन निळ्यामध्ये अलिझरिन क्रिमझन हा लाल मिसळला की तो गडद जांभळा मिळतो. त्यावरची चमक म्हणजे नुसता कोरा सोडलेला कागद. ती जागा मी दरवेळी घाईत रंगवून टाकते. आजही टाकली.

तेवढ्यात समोरच्या शेवग्यावर खंड्या येऊन बसला. वांगी राहिली बाजूला. त्याच्या पाठीचा निळा कुठल्याच ट्यूबमधून निघत नाही. निघणार कसा? तो रंगद्रव्याचा नव्हेच, पिसांच्या सूक्ष्म रचनेतून विखुरणाऱ्या प्रकाशाचा. चोच पुरी होईतो स्वारी उडाली.

स्केचबुकात अर्धा खंड्या आहे. वांग्यांचं रात्री भरीत झालं.