अहवालातला ७१४ हा आकडा

शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी आमची संस्था हंगामी केंद्रं चालवते. पैसा युरोपातून, एका आंतरराष्ट्रीय बालसहाय्य संस्थेकडून येतो. त्याचा हिशेब आणि अहवाल कोल्हापूरच्या कार्यालयातून माझ्या हातून जातो. अहवालाची मुदत एप्रिलअखेर असली, तरी मुलांचा आकडा मार्चच्या मध्यालाच पक्का करावा लागतो. कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे हंगामाचं गाळप संपलं, की मजुरांच्या टोळ्या बीड-धाराशिवकडे परततात आणि मग एखादी शंका आली तर विचारायला थेट दिवाळीपर्यंत कुणी सापडत नाही.

त्या दिवशी दोन कारखान्यांचे पट्टे पडायला जेमतेम तीन दिवस उरले होते. कार्यक्रम विभागाकडून मसुदा आला. उद्दिष्ट ६०० मुलांचं, संगणकावरच्या नोंदी ७१४, म्हणजे ११९ टक्के पूर्तता. कौतुकाचं वाक्यही आधीच लिहून तयार होतं.

दात्याकडे जाणारा मुलांचा आकडा मी कधीच एका ठिकाणाहून उचलत नाही. साहित्याचं स्टॉक रजिस्टर, केंद्रांची हजेरी आणि खाऊची बिलं हे तीन कागद शेजारी ठेवते. हजेरी रोज बदलते आणि खाऊ हजेरीप्रमाणे येतो, त्यामुळे एकूण मुलं किती हे त्यावरून ठरत नाही. दप्तराचं तसं नाही. दप्तर, सहा वह्या आणि पाटी असा संच हंगामात एका मुलाला एकदाच मिळतो आणि आईची सही किंवा अंगठा घेतल्याशिवाय देत नाहीत. रजिस्टरप्रमाणे वाटलेले संच होते ५४८. मग उरलेल्या १६६ मुलांना दप्तर का मिळालं नाही? गोदामात ४१ संच शिल्लक होते, त्यामुळे तुटवडा पडला म्हणावं तर तेही जुळत नव्हतं.

कारण ऊसतोडीच्या रचनेतच आहे. बैलगाडीवाल्या टोळ्या, ज्यांना गाडी सेंटर म्हणतात, कारखान्याजवळच्या अड्ड्यावर हंगामभर एका जागी राहतात. डोकी सेंटरच्या, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक भरणाऱ्या टोळ्या मात्र फड संपेल तशा गावोगाव सरकतात. नोव्हेंबरात कुरुंदवाडच्या केंद्रात नाव घातलेलं मूल जानेवारीत हातकणंगल्याकडच्या केंद्रात येतं, तिथली ताई, म्हणजे केंद्र चालवणारी कार्यकर्ती, त्याला नव्यानं नोंदवते आणि संगणकात दोन मुलं तयार होतात. टोळी आणखी एकदा सरकली की तीन. दप्तर मुलाकडे आधीच असतं, म्हणून दुसरं दिलं जात नाही. रजिस्टर खरं बोलत होतं.

दुहेरी नोंदी शोधायच्या कशा, हे सांगण्यासारखं आहे, कारण सरळ वाटणारे सगळे रस्ते इथे चुकतात. नावावरून शोधलं तर घरचं नाव एका केंद्रात आणि शाळेतलं दुसऱ्या केंद्रात असतं. शिवाय अ‍ॅपमध्ये नावं इंग्रजी अक्षरांत भरलेली असल्यानं एकच आरती तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडते. जन्मतारखेचा उपयोग शून्य, कारण तारीख माहीत नसली की शाळेत १ जून लिहायची आपल्याकडे जुनीच रीत आहे. आमच्या यादीत १ जूनवाल्यांची रांगच लागली होती. मोबाइल नंबर बहुतेक मुकादमाचा, तोच वीस मुलांपुढे. आधार क्रमांक आम्ही घेत नाही आणि घेऊही नये असं माझं ठाम मत आहे. मुलांची अशी माहिती सांभाळायची आमच्यासारख्या संस्थेची तयारी नसते, आणि ती फुटली तर नुकसान त्या मुलाचं होतं.

टिकणाऱ्या खुणा तीन निघाल्या: आईचं नाव, मूळ गाव आणि मुकादमाचं नाव. हे तीन रकाने जोडून यादी लावली, त्यात भावंडांचा क्रम पाहिला, वयात दोन वर्षांपर्यंतचा फरक चालवून घेतला. दुपारपर्यंत संशयित जोड्यांची यादी तयार झाली. तेवढ्यावर मात्र एकही नाव कापायचं नाही, हा नियम. एकाच गावच्या, एकाच टोळीतल्या दोन जावांचं नाव सारखं असू शकतं, आणि यंत्रानं सुचवलं म्हणून खरंखुरं मूल पुसलं तर ती दुहेरी नोंदीपेक्षा मोठी चूक. प्रत्येक जोडीसाठी दोन्ही केंद्रांच्या तायांना फोन लावले. केंद्रं सुटल्यावर, संध्याकाळी. त्यांच्या ओळखीपुढे कुठलाही रकाना टिकत नाही. ‘‘धाकट्याला कडंवर घेऊन येती, तीच की हो मॅडम. डाव्या भुवईवर वण हाय बघा,’’ असं एका वाक्यात प्रश्न निकाली निघायचा. ज्या जोड्या फोनवर सुटल्या नाहीत, त्यांच्यासाठी पर्यवेक्षक दुसऱ्या दिवशी पहाटे, टोळ्या फडावर जायच्या आत, खोप्यांवर जाऊन आले.

शेवटी १४८ नोंदी दुहेरी-तिहेरी निघाल्या आणि ५६६ मुलं उरली. संच ५४८. मधल्या अठरांपैकी १४ पाळणाघरातली तीन वर्षांखालची मुलं, त्यांना दप्तर देतच नाहीत. उरलेली चार शेवटच्या आठवड्यात आलेली, त्यांच्यापर्यंत संच पोचला नव्हता. गोदामात शिल्लक होतेच, दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकांबरोबर पाठवले.

मग पैशांची बाजू. आकडा बदलला की दर मुलामागचा खर्च बदलतो आणि दात्याची नजर आधी तिथेच जाते. मंजूर अंदाजपत्रक २८ लाख ८० हजारांचं, म्हणजे मुलामागे ४,८०० रुपये. खर्च झाला २८ लाख ४० हजार. जुन्या आकड्यानं मुलामागे ३,९७८ रुपये पडत होते आणि फारच किफायतशीर काम दिसत होतं. खऱ्या आकड्यानं ५,०१८, म्हणजे अंदाजापेक्षा साडेचार टक्के जास्त. यात लपवण्यासारखं काही नाही. केंद्र चाळीस मुलांचं असो की चौतीस, ताईचं मानधन तेवढंच राहतं. खोटा कमी दर कळवला असता, तर पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक त्याच दरानं कापून आलं असतं आणि झळ केंद्रांना बसली असती.

हिशेबाच्या बाबतीत परदेशी निधीचे नियम कडक आहेत. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खात्यातच जमा व्हावा लागतो, तिथून तो आमच्या कोल्हापूरच्या खात्यात येतो. प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि २०२० च्या दुरुस्तीपासून हा निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणून सगळ्या तायांची मानधनं थेट आमच्याच पटावर आहेत. त्या दिवशी याचा फायदा झाला. मधे दुसरी संस्था नसल्यानं कुणाच्या परवानगीसाठी थांबावं लागलं नाही.

दात्याला मी पत्र मुदतीआधीच, अहवालाची वाट न पाहता पाठवलं. अंतरिम अहवालात कळवलेला आकडाही याच नोंदींवर उभा होता, त्यामुळे तो सुधारणं भागच होतं. पत्राचा क्रम असा ठेवला: पहिल्याच वाक्यात जुना आणि नवा आकडा, मग फरक कसा लक्षात आला, टोळ्या का सरकतात, पडताळणी कशी केली, दर मुलामागचा खर्च किती झाला, पुढच्या हंगामात काय बदलणार. सोबत केंद्रनिहाय तक्ता जोडला, त्यात एकाही मुलाचं नाव नव्हतं. क्षमायाचनेचे परिच्छेद लिहायचा मोह अशा वेळी होतो. ते वाचणाऱ्याच्या काहीही उपयोगाचे नसतात. त्याला स्वतःच्या वरिष्ठांपुढे उत्तर द्यायचं असतं आणि त्यासाठी तक्ता लागतो.

उत्तर दोन दिवसांनी आलं. सुधारित आकडा मान्य. सोबत दोन मागण्या होत्या. एक, मागच्या हंगामाचीही अशीच पडताळणी करून द्या. दुसरी, ५६६ पैकी एका मुलीची गोष्ट नाव, गाव आणि फोटोसह पाठवा, म्हणजे देणगीदारांना आकड्यामागचं मूल दिसेल.

दुसरीला मी नाही म्हटलं. सुचवलेली बारा वर्षांची मुलगी हंगामाच्या सुरुवातीला फडात मोळ्या बांधत होती आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून विकत होती. कामगार कायदे मोडून कामाला लावलेलं मूल बाल न्याय कायद्यानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं ठरू शकतं, आणि अशा मुलाची ओळख उघड करणं २०१५ च्या त्या कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आईनं संमतीपत्रावर अंगठा दिला तरी तेवढ्यानं ही बंदी उठत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी मुकादमाचं आणि त्या घराचं उचलीचं, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचं, नातं असतं. छापून आलेल्या फोटोची किंमत ते कुटुंब मोजतं. नाव बदलून, गाव आणि मुकादम गाळून लिहिलेली गोष्ट पाठवली. फोटो पाटीवर लिहिणाऱ्या हातांचा दिला आणि त्या फाइलमधली ठिकाणाची नोंद आधी पुसली. त्यांनी तो छापला.

पहिली मागणी मात्र रास्त होती आणि ती पुरी करता आली नाही. मागच्या हंगामाच्या फॉर्ममध्ये आईच्या नावाचा रकानाच नव्हता. दप्तरांचं रजिस्टर तेवढं होतं, म्हणून त्यावरून काढलेला किमान आकडा आणि तो किमान का म्हणायचा याचं कारण कळवलं.

नव्या फॉर्ममध्ये आईचं नाव, मूळ गाव आणि मुकादम हे तिन्ही रकाने सक्तीचे केले आहेत. नोंदणीच्या दिवशी मुलाला क्रमांकाचं कार्ड मिळतं. टोळी सरकली की नव्या केंद्रातली ताई फक्त तो क्रमांक भरते. साधं कागदी कार्ड खोपीत आठवडाभरही टिकत नाही, म्हणून लॅमिनेशन करून, भोक पाडून ते दप्तराच्या आतल्या बंदाला बांधतो. तरी भावंडांची दप्तरं अदलाबदल होतातच. त्यासाठी कार्डाच्या मागे आईचं नाव आणि मूल कितवं हे देवनागरीत, मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितलं आहे.