जत्रेच्या आधी प्रिंटर चालू करून बघा

आमच्या गोव्यात फोंड्याकडच्या गावांत दिवाळी झाली की नाटकाच्या तालमींना जोर चढतो आणि मग फोन यायला लागतात, तुमचा प्रिंटर चालू आहे ना, संहितेच्या सात-आठ कॉपी काढायच्या आहेत. चालू असतो. टाकीवाला, म्हणजे बाटलीतून शाई ओतायची असा साधा इंकजेट आहे, फार महागातला नाही, पण वर्षानुवर्षं जत्रेची नाटकं, चवथीच्या आरत्या, मुलांची प्रोजेक्टं, सोसायटीच्या नोटिसा सगळं त्याच्यावरच निघतं. आणि दरवर्षी याच दिवसांत आजूबाजूच्या दोन-तीन घरचे प्रिंटर बंद पडलेले असतात. हे प्रिंटर जास्त वापरून बिघडलेले नसतात, चवथीला आरत्या काढल्या आणि मग फडकं टाकून ठेवला तो थेट कार्तिकात उघडला, म्हणून बिघडलेले असतात. याच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं कारण चांगली मशीन अशीच भंगारात जातात, म्हणून जे मला माहीत आहे ते सगळं इथे लिहून ठेवते.

आत काय चालतं ते आधी समजून घ्या, मग बाकीचं आपोआप पटतं. कागदावर शाई सोडत इकडून तिकडे सरकणारा जो भाग, तो हेड. त्याला खालच्या बाजूने केसाहून बारीक भोकं असतात, त्यांना नोझल म्हणतात, आणि त्यातून शाईचे जे थेंब उडतात ते पिकोलिटरमध्ये, म्हणजे लिटरच्या लाख-कोटीव्या भागात मोजतात. एप्सनच्या हेडमध्ये पिझो क्रिस्टल असतो, वीज दिली की तो आकार बदलतो आणि शाईला ढकलतो. कॅनन आणि एचपीच्या घरगुती मशिनात बारीकसा हीटर शाईला क्षणभर उकळवतो, बुडबुडा होतो आणि त्याच्या धक्क्याने थेंब बाहेर पडतो. (कॅननच्या लॅबमध्ये 1977 साली शाईच्या सिरिंजच्या सुईला चुकून गरम सोल्डरिंग आयर्न लागलं आणि शाई उडाली, त्यावरून ही कल्पना निघाली. मला ही गोष्ट फार आवडते.) पद्धत कुठलीही असो, घरच्या प्रिंटरच्या शाईत बहुतेक पाणीच असतं, ते उडून गेलं की रंग तिथेच सुकतो आणि भोक बुजतं. हीटरवाल्या हेडला शाई हेच थंड करणारं पाणी, म्हणून शाई संपलेली असताना तसंच प्रिंट दामटत राहिलं तर हेड जळू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रिंटर बंद करायचा तो प्रिंटरच्याच बटणाने. बटण दाबलं की हेड सरकत कडेला जातं आणि तिथल्या रबरी टोपीवर नीट बसतं, म्हणजे नोझलला हवा लागत नाही. लोक काय करतात, भिंतीवरचा स्विच खटकन बंद करतात, किंवा कंप्युटर आणि प्रिंटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतात आणि रात्री बोर्डच बंद होतो, आणि त्या वेळी हेड मध्येच कुठेतरी असेल तर ते रात्रभर उघडंच राहतं, असं चार-आठ वेळा झालं की काळ्या अक्षरात पांढऱ्या रेघा दिसायला लागतात. आपल्याकडे पावसात गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवायचा ही सवय चांगलीच आहे, ती मोडू नका, फक्त आधी बटण दाबा, दिवा पूर्ण विझू दे, मग प्लग काढा. छपाई चालू असताना लाईट गेली तर लाईट आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून परत बटणाने बंद करायचा, हेड जागेवर जातं.

दुसरं म्हणजे आठवड्यातून एकदा नोझल चेक, म्हणजे प्रिंटरचं चाचणीचं पान काढा. याला शाई नावापुरतीच लागते. पानावर प्रत्येक रंगाच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या रेघा येतात, त्यात कुठे रेघ तुटली असेल तर त्या रंगाचं तेवढं नोझल बंद आहे. पिवळ्या रेघा ट्यूबलाईटखाली दिसतच नाहीत, पान उचलून खिडकीशी न्यायचं आणि तिरकं धरून बघायचं, मग कळतं. बऱ्याच घरी फक्त काळं प्रिंटिंग होतं आणि रंग महिनोन्महिने हलत नाहीत, मग शाळेचा प्रोजेक्ट आला की सगळी चित्रं हिरवट नाहीतर जांभळी. म्हणून दर आठवड्याला चारही रंग थोडे वाहिले पाहिजेत.

रेघ तुटलेली दिसली तर हेड क्लीनिंग करा, म्हणजे मशीन स्वतःच शाई ओढून नोझल साफ करतं, पण एकदा करा आणि परत नोझल चेक काढून बघा. तीनदा करूनही सुधारलं नाही तर तिथे थांबा. प्रिंटर बटणाने बंद करून बारा तास तसाच ठेवा, अडकलेली शाई टोपीखाली भिजून सैल होते आणि दुसऱ्या दिवशी एका क्लीनिंगमध्ये रेघ परत येते, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता घाईत असलेल्या माणसालाही मी उद्या ये म्हणून सांगते. पॉवर क्लीनिंग नावाचा जो पर्याय असतो तो एकदम शेवटचा, तो टाकीतली बरीच शाई ओढतो आणि टाक्या कमी भरलेल्या असतील तर नळ्यांमध्ये हवा शिरते. तसंही टाकी खालच्या रेघेच्या खाली कधी जाऊ द्यायची नाही.

क्लीनिंगची शाई जाते कुठे? प्रिंटरच्या पोटात स्पंजसारखा पॅड असतो, तिथे. तो भरत आला की मशीन स्वतःच मोजून थांबतं, दिवे लुकलुकतात आणि सर्व्हिसचा मेसेज येतो. काही मॉडेलांत हा डबा आपल्याला बदलता येतो, बाकीच्यांत सर्व्हिसवाल्याकडून पॅड बदलून घ्यावा लागतो. नेटवर याचा काउंटर शून्य करायची सॉफ्टवेअरं फिरतात, त्याने प्रिंटर चालू होतो हे खरं, पण पॅड ओलाच असतो ना, मग शाई खालून टेबलावर येते. पॅड बदला आणि मगच काउंटरला हात लावा. विनाकारण क्लीनिंग करू नये त्याचं हे पण एक कारण.

ज्या प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजलाच, म्हणजे शाईच्या बदलायच्या डबीलाच असतं त्यांचं काम सोपं आहे. कार्ट्रिज काढायचं, धागे न सुटणाऱ्या कपड्याची नाहीतर टिश्यूची घडी कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून त्यावर नोझलची बाजू मिनिटभर टेकवून ठेवायची, मग कोरड्या टिश्यूवर हलकेच टिपायची, त्या कार्ट्रिजमध्ये असतील तेवढ्या सगळ्या रंगांचे डाग उमटले की झालं. घासायचं नाही. तांब्याच्या रंगाच्या पट्टीला बोट लावायचं नाही. पाणी बॅटरीत घालतात ते घ्या, विहिरीचं किंवा नळाचं नको, त्यातले क्षार नोझलमध्ये बसतात. स्पिरिट, थिनर असलं काही वापरू नका.

आता कागद, आणि आपल्या गोव्यात मला वाटतं शाईपेक्षा कागदाचंच दुखणं मोठं आहे. जुलैत हवेतला दमटपणा 90 टक्क्यांच्या आसपास असतो, त्या हवेत शाई फारशी सुकत नाही पण कागद पाणी पितो. ट्रेमध्ये आठवडाभर राहिलेला गठ्ठा हाताला मऊ लागतो, कडा लाटेसारख्या वाकतात, मग दोन-दोन पानं एकदम आत जातात नाहीतर पान तिरकं जाऊन अडकतं, आणि अक्षराच्या कडेने शाई पसरते ती वेगळीच. लोक प्रिंटरला दोष देतात आणि प्रिंटर अगदी ठीक असतो! जून ते सप्टेंबर मी ट्रेमध्ये कागद ठेवतच नाही. रिमचं आतून मेणाचा थर असलेलं वेष्टन फाडून टाकत नाही, लागतील तेवढी पानं काढते आणि तोंड दुमडून रिम परत प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. काढलेली पानं अंगठ्याने एकदा फरफर सोडवून घ्यायची आणि ट्रेची पट्टी कागदाला टेकेल एवढीच लावायची, दाबून नको. 70 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन 70 ग्रॅम) कागद उन्हाळ्यात चालून जातो, पावसात 75-80 चा घ्या, पाठीमागे शाई उमटत नाही.

हिवाळ्यात उलटं. दुपारची हवा कोरडी असते, आणि एसीच्या खोलीत किंवा पंख्याच्या झोताखाली प्रिंटर असेल तर आणखीच कोरडी, तेव्हा कागद छान चालतो पण नोझलकडे लक्ष ठेवावं लागतं. नेमक्या त्याच दिवसांत जत्रा असतात.

पान अडकलं तर आधी प्रिंटर बंद करा, मग दोन्ही हातांनी, कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, सावकाश ओढा. फाटलाच तर तुकडे जुळवून बघा, कोपरा आत राहिला तर पुढचं प्रत्येक पान अडकणार. आत हात घालताना हेडच्या मागे आडवी ताणलेली एक पारदर्शक पट्टी दिसेल, तिच्यावर डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक रेघा असतात आणि हेड कुठे पोचलं ते मशीन त्या रेघा वाचूनच ओळखतं. तिला बोटाचं तेल लागलं की हेड धडाधड कडेला आपटायला लागतं. मुंग्या, पाली आत शिरतात म्हणून फडकं घाला, पण मशीन गार झाल्यावर, आणि हिटचा फवारा मात्र त्याच्यावर मारू नका.

शाई घेताना मॉडेलचा नंबर बघूनच घ्या, स्वस्त मिळते म्हणून कुठलीही बाटली ओतू नका. रंगात दोन जाती आहेत, डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला आणि पिगमेंट म्हणजे बारीक कणांचा. एकाच्या टाकीत दुसरा गेला तर हेड कायमचं जाऊ शकतं. नाटकवाल्यांसाठी हे आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. देवळाच्या मंडपात तालीम चालते, घामाचे हात, मध्येच चहा सांडतो, डायच्या शाईची संहिता दोन दिवसांत धुऊन जाते, पिगमेंट काळ्याची टिकते. नवीन प्रिंटर घेणार असाल आणि मुख्य काम मराठी मजकुराचं असेल तर काळा पिगमेंट आहे का एवढं दुकानदाराला नक्की विचारा. आमच्या प्रॉम्प्टरची कॉपी मी 16 पॉइंटमध्ये काढते, अंधाऱ्या विंगेत टॉर्चच्या उजेडात मात्रा-वेलांट्या सुटायला नकोत, आणि एक नोझल जरी बंद असेल तर पहिली गायब होते ती वरची रेघ नाहीतर अनुस्वार.

या वर्षी ज्यांच्याकडे नाटक आहे त्यांनी आजच एक नोझल चेक काढून बघा. रेघा तुटल्या असतील तर हातात वेळ आहे. फोटो काढून मला पाठवलात तर कुठला रंग अडकलाय ते बघून सांगेन.