केदारकंठ्याच्या वाटेवर हातमोजे न काढता

पहाटे साडेतीनला तंबूची चेन ओढली तर ती गोठून कडक झालेली. बाहेर लख्ख चांदणं, बुटांखाली करकर वाजणारा बर्फ. उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या माथ्यावर सूर्योदय गाठायचा तर एवढ्या लवकर निघावंच लागतं. गाईडभैयांनी सगळ्यांना खाली बसवून मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फात पकडीसाठी बुटांवर ताणून बसवायच्या दातेरी साखळ्या, चढवायला सांगितले. मी ते हातमोजे न काढता चढवले आणि मनापासून आनंद झाला.

कारण दोन हिवाळ्यांपूर्वी याच वाटेवर माझे हात पार गारठले होते. तेव्हाचे हातमोजे गादीसारखे जाड होते. ऊब भरपूर, पण बोटं वाकत नव्हती. मायक्रोस्पाइक्सचं रबर टाचेवर ताणायचं तर चिमटीत काही येईना, म्हणून काढले. जेमतेम पाच मिनिटं उघड्या हातांनी ती बर्फाळ साखळी धरली असेन. मोजे परत घातले, पण हात काही गरम होईनात. हातमोजा स्वतः ऊब तयार करत नाही, हाताकडून मिळालेली राखून ठेवतो. आणि थंडी वाजायला लागली की शरीर आधी छाती-पोट सांभाळतं, बोटांकडचं रक्त आखडतं घेतं.

त्यात तळव्याला गुळगुळीत नायलॉन. काठी सटकायची, म्हणून मी ती मुठीत आवळून धरायचे. आवळलेल्या मुठीत रक्त आणखी कमी पोचायचं. तासाभरात बोटांची टोकं पांढरी पडून बधिर झाली. भैयांनी मला थांबवलं, हात जॅकेटच्या आत काखेत घालायला लावले. ‘चोळू नका, नुसते धरून ठेवा,’ म्हणाले. बोटांत जीव परत येताना ज्या कळा आल्या, त्या आजही आठवतात. त्या पहाटे माथ्यावरून स्वर्गारोहिणी शिखर दिसलं होतं, पण माझं निम्मं लक्ष हातांकडेच होतं.

म्हणून या वेळी हातमोजे निवडताना ‘किती गरम’ हा प्रश्न मी दुसरा ठेवला. पहिला हा, की वाटेत हे काढावे लागतील का? जोड हातात चढवून बुटाची नाडी बांधली, सॅकचं बक्कल लावलं, चेन ओढली, काठीची लांबी कमी-जास्त केली. ज्यात हे जमलं नाही, तो कितीही उबदार असला तरी बाजूला ठेवला. तळव्याला बकरीचं मऊ कातडं किंवा सिलिकॉनचे ठिपके असले की काठी हलक्या हाताने धरता येते. नुसती विणलेली लोकर मात्र काठीवर सरकते. मापही नीट बघितलं. मूठ वळल्यावर बोटांच्या बेचक्यात ओढ बसली तर तो घट्ट. ऊब धरते ती आत अडकलेली हवा, आणि घट्ट मोजात तिला जागाच उरत नाही.

शेवटी तीन थर ठरले: आत मेरिनो लोकरीचे पातळ लाइनर, त्यावर वारा अडवणारे पकडीचे मोजे, आणि माथ्यासाठी सॅकच्या वरच्या कप्प्यात मिटन. मिटनमध्ये चार बोटं एकत्र राहून एकमेकांना ऊब देतात, पण कामं होत नाहीत. म्हणून ते मोज्यांवरून चढतील असे मोठे घेतले.

देहरादूनहून गाडीने सुमारे दोनशे किलोमीटरवर सांक्री, पायथ्याचं गाव. तिथून जुडा का तालाब या तळ्यापर्यंतची चढण जंगलातली, आणि तिथे चक्क घाम येतो. हा घामच हातांचा खरा वैरी, कारण ओल्या मोज्यातून ऊब भराभर निघून जाते. म्हणून पूर्ण चढण नुसत्या लाइनरवर केली. मुक्कामावर दमट लाइनर बदलले आणि ओले रात्री पोटाशी धरून झोपले. सकाळी ते कोरडे होते.

सांक्री ते माथा म्हणजे सुमारे १,८५० मीटरची चढाई. उंची हजार मीटर वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे सांक्रीपेक्षा वर बारा अंशांनी थंड, शिवाय वारा. शेवटच्या उभ्या चढावर तो अंगावर आला तेव्हा मिटन चढवले. त्यांची दोरी मनगटात अडकवलेली होती. तशा वाऱ्यात सुटलेला मोजा परत मिळत नाही.

३,८१० मीटरवर पोचलो तेव्हा समोरच्या बंदरपूंछ शिखरावर नुकतं ऊन येत होतं. मिटन मनगटावर लोंबते सोडले आणि पाण्याची बाटली काढली. ती सॅकमध्ये उलटी ठेवली होती, कारण पाणी वरच्या बाजूने गोठतं आणि सुलटी ठेवली तर झाकणच अडकतं. झाकण मोज्यांसकट पहिल्या पिळात सुटलं. शेजारी आमच्यातली एक मुलगी दोन्ही हात काखेत घालून उभी होती. आधी माझे मिटन तिच्या हातांवर चढवले, मग बाटली तिच्या तोंडाशी धरली.