मालकाचे नाव

१० डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. धोकादायक कामावर मूल ठेवलेलं आढळलं, तर मालकाकडून मुलामागे २० हजार रुपये घ्यायचे. त्यासाठी सहा महिन्यांत सर्वेक्षण करायचं होतं. ते अर्थातच शिक्षकांच्या गळ्यात पडलं. माझ्या वाट्याला सोलापूरचा पूर्व भाग आला.

त्या दिवशीचं घर एका खोलीचं. आईच्या मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कात्रीनं कापलेली पानं. शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी वळलेल्या विड्यांची तोंडं बंद करत होती. माझ्याकडे बघतानाही तिची बोटं थांबली नाहीत.

“ही कामाला असते?”

“काम कुठं करालीय बाई? मला हात लावालीय नुसती.”

फॉर्मवर रकाना होता, ‘मालकाचे नाव’. कारखान्याच्या वहीत नाव आईचं. पान-तंबाखू तिलाच मोजून मिळणार, विड्याही तिच्याच नावावर जमा होणार. १९८६ च्या बालकामगार कायद्यात विडीकाम बंदीच्या यादीत होतं खरं, पण त्याच कलमात घरच्यांच्या मदतीनं चालणाऱ्या कामाला सूट होती. मग ते २० हजार कुणाकडून घ्यायचे? या बाईकडून?

खाटेवरचे आजोबा ऐकत होते. म्हणाले, “माझं बी लिहा. मी बारकाच होतो, तवा गिरणीत लागलो.”

त्यांच्या लहानपणी १९२२ चा कायदा होता, बारा वर्षांखाली कारखान्यात काम नाही. डॉक्टर दात बघून दाखला द्यायचा. “बापानं बारा सांगितलं, डॉक्टरनं बारा लिहिलं.” तपासणीला साहेब आला की बारकी पोरं सुताच्या गाठोड्यांमागं लपायची. हे सांगताना म्हातारा खो-खो हसत होता. मला हसू येईना.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यानं सात वर्षांखालच्यांना मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाचे नऊ तास ठरवून दिले. तोही शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांपुरता. पुढे वय १८९१ ला नऊ, १९२२ ला बारा, १९४८ ला चौदा झालं. विड्यांच्या कारखान्यात मुलं ठेवायला १९६६ च्या कायद्यानं बंदी आली. पण सूप घरात असेल तिथं कुठला निरीक्षक जाणार? आजोबांना निदान लपावं तरी लागायचं.

मी त्या रकान्यात विडी कारखान्याचं नाव लिहिलं. संध्याकाळी वरिष्ठांनी ते खोडलं. “बाई, कलम वाचा,” म्हणाले. कलम मला पाठ होतं. मी वाद घातला नाही. तो मी बालकामगारांच्या विशेष शाळेतल्या जागेसाठी राखून ठेवला होता आणि ती जागा मिळवली.

आई मात्र लगेच तयार होईना. शाळेत महिन्याला १०० रुपये विद्यावेतन होतं. तिनं बोटांवर हिशेब केला. पोरीचा हात नसला की दिवसाच्या किती विड्या कमी, हजारामागं मजुरी किती. हिशेब बरोबर होता, मलाही खोडता आला नाही.

शेवटी तीच म्हणाली, “सकाळी विड्या जमा करायच्या असतात. दुपारची शाळा हाय का?”

होती. दुपारच्या वर्गात नाव घातलं.